तुर्कानाहून परतल्यावर नैरोबीत चांगलं हॉटेल: गरज की चैन?

गिरिजा_स

नमस्कार मंडळी. जानेवारीअखेरीस आम्ही घरचे पाचजण केनियाला निघालोय. मसाई मारा पूर्वी पाहून झालंय, म्हणून या खेपेला उत्तर केनिया धरलाय. नैरोबीहून न्याहुरुरू, मरालाल, बारागोई, साउथ हॉर करत लोयांगलानीला तुर्काना सरोवर, मग चाल्बी वाळवंटाच्या कडेकडेने कलाचा, मार्साबिट आणि इसिओलोवरून परत. दोन लँडक्रूझर, चालक आणि एक स्वयंपाकी बरोबर. मुक्काम बहुतेक तंबूत. अंघोळीचं पाणी मिळेल तिथे मिळेल.

घरात वाद पेटलाय तो शेवटच्या दोन रात्रींवरून. माझं म्हणणं, परतल्यावर नैरोबीत एका चांगल्या, म्हणजे खरोखर चांगल्या हॉटेलात राहावं. गरम पाणी, स्वच्छ पांढरी चादर आणि पहाटे कोणी हाक मारणार नाही. धाकट्या दिराचं म्हणणं, तेच पैसे सांबुरूच्या अभयारण्यात आणखी दोन दिवस राहण्यावर घालू, शहरातलं हॉटेल पुण्यातही मिळतं. नवरा दोघांच्याही बोलण्याला मान डोलावतो. सासूबाई (वय ६७, तब्येत ठणठणीत) अजून काही बोललेल्या नाहीत.

ज्यांनी आफ्रिकेत असा खडतर प्रवास केलाय त्यांनी सांगा. शेवटी आराम घेतलात का? त्याचा उपयोग झाला का? आणि नैरोबीत कोणत्या भागात राहावं? आमच्यातले दोघं शाकाहारी आहेत.

रानवाट

घ्या. डोळे मिटून घ्या. सरोवराच्या अलीकडे काळ्या लाव्हाच्या दगडांतून गाडी जाते तेव्हा पाठीचा मणका न् मणका बोलतो. आणि ती धूळ एका अंघोळीत निघत नाही.

कृष्णाकाठ

+१. सासूबाईंना विचारा आधी. बाकीच्यांचं मत नंतर.

सह्यभटक

माझं मत वेगळं आहे आणि ते जरा सविस्तर मांडतो.

टांझानियातलं किलिमांजारो मी लेमोशो वाटेने केलं. मध्यरात्री ४,६७३ मीटरवरच्या बराफू तळावरून निघायचं, सकाळी उहुरू शिखर, ५,८९५ मीटर, आणि त्याच दिवशी थेट खाली ३,१०० मीटरच्या आसपास म्वेका तळावर. गुडघे शिल्लक राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी म्वेका फाटकापाशी सगळ्या हमालांनी गाणी म्हटली, बक्षिसी वाटली, गळाभेटी झाल्या. माझी पिशवी डोक्यावर घेऊन रोज माझ्याआधी तळावर पोचणारा, माझा तंबू उभारून ठेवणारा पोरगा ट्रकच्या मागे उभा राहून पायथ्याच्या मोशी शहराला निघून गेला. आणि दोन तासांनी मी अरुशातल्या हॉटेलात संगमरवरी फरशीवर उभा होतो, हातात कोणीतरी थंड टॉवेल आणि फळांचा रस दिला होता.

मला ते सोसलं नाही. ज्या माणसांच्या जिवावर आपण वर गेलो त्यांच्यापासून एका फटक्यात तोडल्यासारखं झालं. त्या रात्री गादीवर झोप लागली नाही, शेवटी चटई घालून खाली झोपलो. पुढच्या वेळी, उसांबाराच्या डोंगरांत फिरून आल्यावर, मोशीत एका शिक्षिकेच्या घरी पाहुणा म्हणून राहिलो. बादलीभर गरम पाणी, केळ्याची भाजी, अंगणात खुर्ची. शरीरालाही विश्रांती मिळाली आणि मनालाही. प्रवास संपताना माणसांतच संपावा असं मला वाटतं. गिरिजाताई, तुमच्या दिराच्या बाजूने माझं मत धरा.

ओंजळ

सह्यभटक, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात तुम्ही.

हमालांना न्याय मिळावा असं वाटत असेल तर तो निर्णय हॉटेलच्या दारात घ्यायचा नसतो, सहलीची कंपनी निवडताना घ्यायचा असतो. किलिमांजारोवर हमालाच्या अंगावर २० किलोंपेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही असा नियम आहे. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था पगार, जेवण, तंबू, गरम कपडे नीट देणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते. त्या यादीतली कंपनी घेतली, बक्षिसी प्रत्येकाच्या हातात दिली, तर काहीतरी खरं घडलं. तुम्ही गादी सोडून चटईवर झोपल्याने त्या पोराच्या ताटात काय वाढलं?

शिवाय हॉटेलात काम करणारी माणसं आभाळातून पडलेली नसतात. चादरी धुणाऱ्या बाईचा पगार, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचा पगार, भाजी पुरवणाऱ्याचं बिल, हे सगळं त्याच गावात राहतं. थकलेल्या माणसाने दोन रात्री सुखाने झोपावं यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सह्यभटक

कंपनी निवडण्याबद्दल शंभर टक्के मान्य, आणि ते इथे लिहिलंत हे फार चांगलं केलंत. पण पैसा गावात राहतो हे सरसकट नको. परदेशी साखळीतल्या हॉटेलचा नफा गावाबाहेरच जातो. स्थानिक मालकाचं छोटं विश्रामगृह असेल तर माझाही विरोध नाही.

पार्कलँड्सची_मीरा

नैरोबीत बरीच वर्षं राहतेय, म्हणून थोडं कामाचं लिहिते.

आधी रस्त्याबद्दल. जानेवारी-फेब्रुवारी कोरडे असतात, तुम्ही वेळ बरोबर निवडलीय. मार्च ते मेच्या पावसात तिकडची काळी माती चाकाला धरली की गाडी दिवसभर हलत नाही. बारागोईच्या बाजूला गुरांच्या चोऱ्यांवरून चकमकी होतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी चालकांकडून ताजी खबर घ्या आणि ते नको म्हणाले तर ऐका. लायसामिसवरून सरोवराकडे जाणारा पर्यायी रस्ता आहे. तुर्कानाच्या पवनचक्क्या उभारताना तो मोठ्या वाहनांसाठी सुधारला. ३६५ चक्क्या आहेत तिथे, एकूण क्षमता ३१० मेगावॉट. यावरूनच तंबूत रात्री वाऱ्याचं काय होतं याचा अंदाज करा. खुंट्या खोल ठोका.

आता हॉटेल. वेस्टलँड्स तुम्हाला सोयीचं. २०२२ मध्ये सुरू झालेला उन्नत मार्ग म्लोलोंगोपासून थेट वेस्टलँड्सपर्यंत येतो, २७ किलोमीटर, आणि वाटेत विमानतळाचा फाटा आहे. पथकर भरावा लागतो, पण परतीच्या विमानाच्या दिवशी जीव टांगणीला लागत नाही. कॅरन हिरवंगार आणि शांत, हत्तींच्या पोरक्या पिल्लांचं शेल्ड्रिक अनाथालय आणि जिराफ केंद्र त्या बाजूला, पण संध्याकाळची वाहतूक सोसवत नाही. मला स्वतःला गिगिरी सगळ्यात आवडतं. संयुक्त राष्ट्रांची कचेरी तिथे असल्यामुळे परिसर शांत, आणि शेजारी करुराचं जंगल. पर्यावरणासाठी झगडणाऱ्या वंगारी मथाई आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी मार खाऊन ते बिल्डरांपासून वाचवलं. सासूबाईंना सकाळी चालायला याहून चांगली जागा नैरोबीत नाही.

बहुतेक चांगल्या हॉटेलांच्या फाटकावर गाडीखाली आरसा फिरवून तपासणी होते, घाबरू नका. भाव विचारताना कर धरून किती ते विचारा. आणि रात्री पायी फिरू नका, ॲपवरून टॅक्सी मागवा.

खवय्या_नाशिक

मीराताई, जेवणाचं राहिलं! शाकाहाऱ्यांनी काय खावं?

पार्कलँड्सची_मीरा

शाकाहाऱ्यांची काळजी नैरोबीत करायचीच नाही. गुजराती आणि जैन वस्ती इतकी जुनी आहे की पार्कलँड्समध्ये डायमंड प्लाझाला गेलात तर चाट, डोसा, थाळी, पान, सगळं मिळेल. वाटेतही गिथेरी मिळते, म्हणजे मका आणि राजम्यासारख्या दाण्यांची उसळ. सुकुमा विकीची पालेभाजी आणि उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, मिळते, आणि चपाती तर कुठेही. गिथेरी खाताना मात्र मटणाच्या रश्शात शिजवली नाही ना हे विचारा. दोन आठवडे तंबूतल्या स्वयंपाकानंतर वरण-भात हवासा वाटला तर मला निरोप टाका, घरी या.

खवय्या_नाशिक

गिरिजाताई, हॉटेल रद्द, मीराताईंकडेच उतरा.

अदिसचा_पत्ता

कामानिमित्त इथिओपियात होतो, तिथला अनुभव सांगतो, कारण मूळ प्रश्नाला तो लागू आहे.

दानाकिलच्या खोलगट भागात गेलो होतो. डालोलची जमीन समुद्रसपाटीपेक्षा शंभराहून जास्त मीटर खाली. पिवळे, हिरवे, तांबूस क्षार, गंधकाचा वास, आणि उष्णता अशी की बाटलीतलं पाणी चहासारखं कढत. अफार लोक मिठाच्या लाद्या तासून उंटांवर लादतात ते पाहिलं. रात्री उघड्यावर, लाकडी बाजेवर झोप. हे सगळं मी आयुष्यात विसरणार नाही. आणि तरी, तिथून २,३०० मीटरहून उंच अदिस अबाबात आलो आणि हिल्टन हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात उतरलो, तेही विसरणार नाही. तो तलाव जमिनीखालच्या गरम झऱ्याच्या पाण्याचा आहे. हवा थंड, पाण्यावर वाफ. कातडीत मुरलेलं मीठ हळूहळू सुटत होतं, आणि मला तेव्हा प्रथमच नीट कळलं की मी काय पाहून आलोय. दानाकिलमध्ये असताना सगळी शक्ती सावली, पाणी आणि पुढचं पाऊल यांतच जात होती, विचार करायला डोकं मोकळंच नव्हतं.

सह्यभटक म्हणतात, हॉटेलने प्रवासापासून तोडलं. माझ्या बाबतीत हॉटेलने प्रवास मला परत दिला. त्या दोन दिवसांत मी सगळी टिपणं लिहून काढली. थेट मुंबईचं विमान पकडलं असतं तर दाराशी उतरल्याबरोबर कचेरी, दूधवाला, पाण्याची टाकी, आणि दानाकिल आठवड्यात पुसट झालं असतं.

शाकाहाऱ्यांसाठी जाता जाता: इथिओपियात बुधवारी आणि शुक्रवारी उपासाचं जेवण असतं, पूर्ण शाकाहारी, इंजेरा नावाच्या आंबवलेल्या भाकरीवर डाळी आणि भाज्या. अप्रतिम.

मुक्ता_वाचते

अदिसचा_पत्ता, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. या प्रवासावर वेगळा धागा काढाच.

डॉ_सुमेधा

हॉटेल घ्या की नका घेऊ, पण काही गोष्टी लक्षात ठेवा. परतलेले प्रवासी तपासताना हे मला वारंवार सांगावं लागतं.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या शहरात पोचल्यावर थांबवायच्या नाहीत. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर डासांचा भाग सोडल्यावर आणखी सात दिवस, डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी, हे खरं. पण गोळी तुम्हाला मागच्या आठवड्यात चावलेल्या डासासाठी घ्यायची असते. मऊ गादी मिळाली, सुट्टी संपत आली, की लोक हीच गोळी विसरतात. घरी आल्यावर पुढचे काही महिने ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि आफ्रिकेतून आलोय हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

पहिल्या संध्याकाळी शरीरात पाणी कमी असतं. अशा वेळी कढत पाण्यात तासभर डुंबणं, वाफेची खोली, वर दारू, यांनी चक्कर येऊन माणसं न्हाणीघरात पडतात. आधी दोन ग्लास क्षारसंजीवनी, हलकं जेवण, मग कोमट अंघोळ. ६७ वर्षांच्या बाईंच्या बाबतीत हे कटाक्षाने पाळा. बुफेवर पहिल्याच रात्री तुटून पडू नका, पोटाला एक दिवस द्या.

अंघोळीनंतर पायाची बोटं, काखा, गुडघ्यामागची बाजू, केसांच्या मुळाशी नीट बघा. गोचीड राहिली असेल तर उजेडात, स्वच्छ कातडीवर लगेच दिसते. चांगल्या न्हाणीघराचा हाही मोठा फायदा आहे. आणि केनियाहून भारतात येताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी.

धुळीचा_पाहुणा

नामिबियात स्वतः गाडी चालवत फिरलो, छतावरच्या तंबूत राहिलो. बहुतेक रस्ते खडीचे. टायरमधली हवा कमी करा, वेग आवरा, खडीवर जोरात ब्रेक मारू नका, हे सगळं रोजचं.

माझा अनुभव असा की शेवटी माणसाला पंचतारांकित काही लागत नाही. कपडे धुण्याचं यंत्र लागतं! विंडहुकमध्ये एका छोट्या विश्रामगृहात उतरलो, मालकीणबाईंनी अंगणात दोरी दाखवली आणि सांगितलं, सगळं काढा, तंबूसुद्धा झटका. दिवसभर धुणी वाळत होती आणि आम्ही झाडाखाली पडून होतो. मोठ्या हॉटेलात प्रत्येक शर्टाचे वेगळे पैसे लावतात, पाचजणांचे धुळीचे कपडे धुवायला दिले तर खोलीच्या भाड्याइतकं बिल होईल. स्वयंपाकघर आणि धुण्याचं यंत्र असलेली सदनिका नैरोबीतही मिळते. पाचजणांना तीच परवडेल.

ओंजळ

हा मुद्दा चांगला आहे. पण सदनिकेत चहा कोण करणार? सुट्टीच्या शेवटच्या दिवशीही घरातली बाईच ना?

धुळीचा_पाहुणा

चहा आमच्याकडे मीच करतो. पण प्रश्न रास्त आहे. ज्या घरात ते काम आपोआप एकाच माणसावर येतं, तिथे हॉटेलच बरं.

कृष्णाकाठ

गिरिजाताई, आता कळलं तुम्ही हॉटेल का म्हणताय.

जुनी_पानं

थोडं अवांतर, पण नैरोबीतल्या हॉटेलांचा विषय निघालाय आणि हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

नैरोबी शहरच मुळी रेल्वेमुळे झालं. मोंबासाहून निघालेला युगांडा रेल्वेचा रूळ १८९९ मध्ये त्या दलदलीच्या माळावर पोचला आणि तिथे तळ पडला. १९०२ मध्ये स्टॅनली हॉटेल, १९०४ मध्ये नॉरफोक. तेव्हापासून हाच परिपाठ: गोरे शिकारी आणि जमीनदार महिनोन्‌महिने रानात काढायचे आणि परत आले की नॉरफोकच्या ओसरीवर पाय पसरून बसायचे. खडतर प्रवासानंतर आरामाचं हॉटेल, ही पद्धत या शहराइतकीच जुनी. स्टॅनलीच्या अंगणात बाभळीचं एक झाड होतं, त्याच्या खोडाला प्रवासी एकमेकांसाठी चिठ्ठ्या टोचून ठेवत. कोण कुठे निघालंय, गाडीत जागा आहे का, अमका परतला का.

पण त्या ओसरीवर कोणाला बसता येत होतं? वसाहतकाळात अशा हॉटेलांत वर्णभेद उघड होता. आफ्रिकी माणूस तिथे ट्रे घेऊन उभा राही. ज्या हिंदी मजुरांनी रूळ टाकले, ज्यांच्यातले सुमारे अडीच हजार त्या कामात दगावले, त्यांच्या मुला-नातवंडांना पाहुणे म्हणून दार बंद होतं. आपल्या औंध संस्थानचे आप्पा पंत १९४८ ते १९५४ नैरोबीत भारताचे आयुक्त होते, ते याच वर्षांत. आफ्रिकी नेत्यांशी त्यांनी उघडपणे मैत्री ठेवली आणि इंग्रजांची नाराजी ओढवून घेतली. गिरिजाताई, तुम्ही त्या गावात चांगल्या हॉटेलात उतराल तेव्हा हे ठाऊक असावं, एवढ्यासाठी लिहिलं.

फोंड्याचा_नातू

जुनी_पानं, तुम्ही दुखऱ्या जागी हात ठेवलात.

माझे आजोबा फोंड्याहून नैरोबीला गेले आणि निवृत्त होईपर्यंत रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. गोव्याची खूप माणसं तिथे कारकुनीत, शिंपीकामात, बेकरीत होती. त्यांचे स्वतःचे क्लब होते, गोवन इन्स्टिट्यूट वगैरे, कारण गोऱ्यांच्या जागी प्रवेश नसे. आजोबा रोज नॉरफोकवरून पायी जात. आतून पियानो ऐकू यायचा असं सांगायचे. आत गेले नाहीत कधी.

मी सांबुरू आणि मार्साबिट करून नैरोबीला परतलो तेव्हा बूट मळलेले, शर्टावर घामाचे नकाशे. तसाच जुन्या हॉटेलच्या ओसरीवर जाऊन बसलो आणि चहा मागवला. वेटर माझ्या वडिलांच्या वयाचा होता. त्याला आजोबांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, त्याचे वडीलही त्याच रेल्वेत होते. मग चहाचे दोन कप आले आणि तो काही मिनिटं माझ्याजवळ उभ्याउभ्या बोलत राहिला. त्या चहाला मी चैन म्हणणार नाही. सह्यभटक, तुमचं माणसांत राहण्याचं म्हणणं मला पटतं, पण हॉटेलातही माणसं असतात.

सह्यभटक

फोंड्याचा_नातू, हे वाचून थांबलो थोडा वेळ. तुमचं म्हणणं मान्य. मी हॉटेलाकडे फक्त फरशी म्हणून पाहत होतो.

मुक्ता_वाचते

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर: नैरोबीत रेल्वेचं संग्रहालय आहे. १९०० साली किमा स्थानकावर नरभक्षक सिंहाच्या पाळतीवर बसलेल्या पोलीस अधिकाऱ्याला ज्या डब्यातून सिंहाने ओढून नेलं, तो डबा तिथे ठेवलाय. आरामाच्या दिवशी अर्धा तास काढून जा.

बिनघाईचा

युगांडावाल्यांसाठी एक सूचना, धाग्याला धरूनच. ब्विंडीच्या जंगलात गोरिला पाहायला लोक जातात. परवाना आता ८०० डॉलर आहे. चिखल, काटेरी झुडपं, चढ, आणि मग कंपालापर्यंत दिवसभर गाडी. एवढं करून कंपालात हॉटेल घेऊ नका. विमानतळ एंटेबीला, चाळीसेक किलोमीटरवर, आणि मधली वाहतूक बेभरवशाची. शेवटची रात्र एंटेबीतच काढा. व्हिक्टोरिया सरोवराचा काठ, मारबू करकोचे, शांतता. सरोवरात पोहू मात्र नका, बिलहार्झिया या आजाराचे जंतू असतात. डॉ_सुमेधा दुजोरा देतील.

डॉ_सुमेधा

पूर्ण दुजोरा. काठावर बसून बघा.

रानवाट

एक युक्ती राहिलीच. नैरोबीला उतरल्यावर पहिल्या रात्री ज्या हॉटेलात राहाल, शेवटीही तिथेच खोली घ्या, आणि जाताना एक पिशवी त्यांच्याकडे ठेवून जा. प्रत्येकाचा एक स्वच्छ पोशाख, चपला, साबण, परतीची कागदपत्रं. परत याल तेव्हा धुळीच्या सामानाला हात न लावता थेट अंघोळ. ही पिशवी कापडी असू द्या. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. मळलेले कपडेही कापडी पिशवीतच भरा.

आणि हॉटेलला आधी फोन करून सांगा की आम्ही उत्तरेकडून येतोय. त्यांना सवय असते. बूट दाराबाहेर काढून देतात, घासायला नेतात.

वाऱ्याची_दिशा

सगळे हॉटेलच्या बाजूने बोलताहेत, म्हणून माझं एक निरीक्षण. लोयांगलानीत ताडाच्या झाडांखाली झोपलो होतो. रात्रभर वारा. पहिल्या रात्री वाटलं तंबू उडणार, नंतर त्या आवाजाशिवाय झोप येईना. नैरोबीत हॉटेलची खिडकी उघडतच नव्हती, वातानुकूलन चालू, आणि मी टक्क जागा. खोली घेताना खिडकी उघडते का आणि बाल्कनी आहे का हे विचारून घ्या. नैरोबीची हवा मुळातच गार आहे, यंत्राची गरज नाही. रानातून आलेल्या माणसाला एकदम बंद खोकं नको.

मुक्ता_वाचते

हा सल्ला लाखमोलाचा. यासाठी वेगळा +१.

गिरिजा_स

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! रात्री जेवणं झाल्यावर मी सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. फोंड्याच्या नातवाचा वाचताना आवाज अडकला, तो दिराने पुढे वाचला.

मग सासूबाई बोलल्या. म्हणाल्या, "मला तंबूची भीती नाही आणि हॉटेलची हौस नाही. पण तुम्ही मला तुर्कानापर्यंत नेताय तर घरी आल्यावर चार बायकांना ते सांगण्याइतकी शुद्ध राहिली पाहिजे. दोन दिवस द्या मला झोपायला आणि लिहायला." त्यांनी आयुष्यभर रोजनिशी लिहिलीय. अदिसचा_पत्ता यांचा प्रतिसाद त्यांना सगळ्यात जास्त पटला.

ठरलं ते असं. नैरोबीतल्या दोन्ही रात्री कायम. सांबुरूत एक रात्र वाढवली, ती दिरासाठी, आणि विमानाची तारीख पुढे ढकलली. गिगिरीच्या बाजूला, स्थानिक मालकाचं, बाल्कनीचं हॉटेल बघतोय, म्हणजे सह्यभटक आणि वाऱ्याची_दिशा दोघांचंही ऐकलं. पिशवी ठेवून जाणार. धुण्याचं काम मात्र पुण्यातच. एक चहा जुन्या ओसरीवर, तो सासूबाईंनी आपणहून यादीत घातलाय. डॉ_सुमेधा, गोळ्यांचं वेळापत्रक कपाटाच्या दारावर चिकटवलं. लस पाचही जणांची झालीय.

मीराताई, एक शेवटचा प्रश्न. सांबुरूहून आम्ही बहुतेक रविवारी परतू. किती वाजता निघावं?

पार्कलँड्सची_मीरा

पहाटे उजाडताच निघा. रविवारी संध्याकाळी नान्युकी आणि थिकाच्या बाजूने अख्खं नैरोबी शहरात परतत असतं. दुपारी दोनच्या आत नैरोबीच्या अलीकडचं रुइरू ओलांडलंत तर चहाच्या वेळेला खोलीत असाल. जमत नसेल तर शनिवार धरा. आणि मला आधी कळवा, वरण-भाताचं मी खरंच म्हणाले होते.